यात्रेच्या पूर्वतयारीचें वाङ्मय

प्रवासवर्णनाचें परीक्षण कसें करावें याच्या रीती आपल्याकडे बऱ्याच ठरून गेल्या आहेत. लेखकाची दृष्टि चौकस आहे कीं नाहीं, वर्णनें चित्रमय उतरलीं आहेत कीं पाल्हाळिक झालीं आहेत, परक्या लोकांविषयीं त्याच्या मनांत कुतूहल आहे कीं नुसती हेटाळणी, अशा चार प्रश्नांचीं उत्तरें दिलीं म्हणजे परीक्षकाचें कर्तव्य संपतें. परंतु प्रवासाला निघण्यापूर्वीं जें वाचावयाचें, म्हणजे वाटेचे टप्पे, मुक्कामाच्या जागा, सामानाच्या याद्या आणि अनुभवी माणसांच्या सूचना ज्यांत असतात तें लेखन, त्याला मात्र वाङ्मय म्हणण्याचें धैर्य सहसा कोणी दाखवीत नाहीं. तें रेल्वेच्या वेळापत्रकाचें भावंड मानलें जातें. काम झालें कीं रद्दींत जातें.

हा न्याय आम्हांस मान्य नाहीं. घराबाहेर पडतांना माणसानें काय बरोबर घ्यावें, काय मागें ठेवावें आणि कोणाचा निरोप घ्यावा, एवढें जो ग्रंथ सांगूं पाहतो त्याला माणसाविषयीं कांहीं निश्चित मत असावेंच लागतें. मग तें त्यानें बोलून दाखविलेलें असो वा नसो. यात्रेच्या बाबतींत तर हें विशेष खरें आहे. व्यापाराला किंवा नोकरीला निघालेल्या माणसाची तयारी त्याचा धंदा ठरवितो. यात्रेकरूवर निघण्याची सक्ति कोणी केलेली नसते, आणि म्हणून त्याच्या तयारीच्या बारीकसारीक तपशिलांतहि त्याची स्वतःची समजूत उमटते.

हें पडताळून पाहण्याइतकें विपुल वाङ्मय ज्या एका वाटेविषयीं उपलब्ध आहे ती वाट म्हणजे स्पेनच्या वायव्य कोपऱ्यांतील सांतियागो दे कोम्पोस्तेला या क्षेत्राची. ख्रिस्ताच्या बारा पट्टशिष्यांपैकीं सेंट जेम्स याची समाधि तेथें आहे अशी श्रद्धा नवव्या शतकापासून चालत आली आहे. फ्रान्सच्या हद्दींतील सें-झां-प्ये-द-पोर या गांवाहून निघावें, पिरेनीज पर्वत ओलांडावा आणि पश्चिमेकडे एकंदर सुमारें ७८० किलोमीटर चालत जावें, हा तिचा आज सर्वांत प्रसिद्ध मार्ग. बहुतेकांना पांच आठवडे लागतात. १९८० च्या सुमारास वर्षाकाठीं कांहीं शेंकडा माणसें या क्षेत्राला पायीं जात असत. २०२४ सालीं निरनिराळ्या वाटांनीं तेथें पोहोंचून प्रमाणपत्र घेणारांची संख्या पांच लाखांच्या घरांत गेली. त्यांत आतां मराठी घरांतील माणसेंहि दिसूं लागलीं आहेत. कोणी नोकरींतून मोकळें झालेलें जोडपें असतें, कोणी युरोपांत शिकावयास गेलेला मुलगा. यांपैकीं कित्येकांच्या आयुष्यांतील ही पहिलीच लांब पायवाट असते, आणि निघण्यापूर्वीं काय वाचावें असा प्रश्न तीं माणसें आमच्यासारख्या पुस्तकी माणसाला विचारतात. त्या प्रश्नाचें उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

या वाटेचें पहिलें मार्गदर्शक पुस्तक बाराव्या शतकाच्या मध्याचें आहे. 'कोडेक्स कालिक्स्टिनुस' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या लॅटिन संहितेचे पांच भाग असून त्यांतील पांचवा भाग यात्रेकरूंसाठीं लिहिलेला आहे. संहितेवर पोप दुसरा कॅलिक्स्टस याचें नांव घातलेलें आहे. तें वजन पाडण्यासाठीं घातलें आहे हें विद्वानांनीं कधींच ठरविलें. पांचव्या भागाचा कर्ता प्वातू प्रांतांतील एमरी पिको नांवाचा धर्मोपदेशक असावा असें पुष्कळ दिवस मानलें जात होतें; आतां त्याविषयींहि एकमत नाहीं. मूळ हस्तलिखित सांतियागोच्या कॅथेड्रलमध्यें जपून ठेवलेलें असतें. तें २०११ च्या जुलैंत चोरीस गेलें आणि वर्षभरानें, त्याच कॅथेड्रलमध्यें पूर्वीं विजेचें काम करणाऱ्या एका माणसाच्या गॅरेजांत, सांपडलें. ज्या ग्रंथानें यात्रेकरूंना चोरांपासून सावध केलें त्याच्याच वाट्याला हें यावें, हा योग त्याच्या कर्त्याला मुळींच नवलाचा वाटला नसता.

कारण हा कर्ता मोठा संशयी आणि तितकाच पूर्वग्रही गृहस्थ आहे. स्वतःच्या प्वातू प्रांतांतील माणसें त्याला शूर, देखणीं आणि उदार वाटतात. गास्कनीचे लोक बडबडे आणि खादाड वाटतात. आणि बास्क व नावारचे लोक यांच्याविषयीं त्यानें जें लिहिलें आहे तें सभ्य मासिकांत छापतां येण्यासारखें नाहीं. तरीहि त्या तिटकाऱ्याच्या भरांतच तो बास्क भाषेंतील भाकरी, मद्य, मांस, मासा, घर, पाणी असे नित्याचे शब्द टिपून ठेवतो, आणि ती यादी आज त्या भाषेच्या फार जुन्या लेखी नमुन्यांत मोजली जाते. भुकेल्या यात्रेकरूला ज्या लोकांचा राग येतो त्यांच्याहि भाषेंत भाकरी मागतां आली पाहिजे, एवढा व्यवहार त्याला समजत होता.

पिरेनीजपासून सांतियागोपर्यंतच्या वाटेचे त्यानें तेरा टप्पे पाडले आहेत, आणि त्यांतले कांहीं इतके लांब आहेत कीं ते घोड्यावरूनच पुरे व्हावेत. आजच्या वाचकाला टप्प्यांचा हा हिशेब निरुपयोगी आहे. पण त्याचें नद्यांवरील प्रकरण वाचावें. कोणत्या नदीचें पाणी गोड आणि आरोग्यकारक, कोणत्या नदीचें माणसाला आणि जनावराला घातक, हें तो एकेक नांव घेऊन सांगतो. लोर्का गांवाजवळच्या खाऱ्या ओढ्याची त्याची हकीकत तर विसरतां येत नाहीं. नावारचे दोघेजण काठावर बसून सुऱ्यांना धार लावीत होते. पाणी चांगलें आहे का, असें या मंडळींनीं विचारलें. त्यांनीं चांगलें आहे म्हणून सांगितलें. घोडे पाणी प्याले, त्यांतले दोन जागच्या जागीं मेले, आणि सुऱ्यांना धार कशासाठीं लावली जात होती तें सर्वांना कळलें. गास्कनींतील नावाडी होडींत वाजवीपेक्षां अधिक माणसें भरतात, होडी उलटली कीं त्यांना आनंद होतो आणि बुडालेल्यांचें सामान ते लुटतात, हेंहि तो सांगतो. लांद प्रांतांतील वाळूंत पाय गुडघ्यापर्यंत रुततो आणि तेथील मोठ्या माशांपासून तोंड झांकून घ्यावें लागतें, हेंहि तो सांगतो. पिरेनीजचा घांट आठ मैल चढ आणि आठ मैल उतार आहे, असा आंकडा देऊन तो थांबत नाहीं. चढणाऱ्याला आतां हातानें आकाश शिवतां येईल असें वाटतें, ही भरहि तो घालतो. आजच्या पुस्तकांत त्याच पहिल्या दिवसाचा आलेख काढलेला असतो. तेथें सुमारें १२५० मीटर चढण आणि २५ किलोमीटर अंतर मांडलेलें दिसतें. तो आलेख अचूक आहे, पण थकून गेल्यावर आठवतें तें बाराव्या शतकांतील वाक्य.

या लेखकाचा गुण कोणता, असें आम्हांस कोणी विचारल्यास आम्ही म्हणूं कीं आपला वाचक मरूं शकतो हें तो क्षणभरहि विसरत नाहीं. त्याचा प्रत्येक राग, अतिशयोक्ति आणि निंदासुद्धां त्या जाणिवेंतून आलेली आहे.

याच संहितेच्या पहिल्या भागांत यात्रेवर एक लांबलचक प्रवचन आहे. पांचव्या भागाच्या शेजारीं तें ठेवून वाचलें पाहिजे, कारण तयारीचें दुसरें अंग त्यांत आहे. यात्रेकरूची पडशी अरुंद कां, कातड्याची कां, आणि तिचें तोंड बांधलेलें कां नसतें, याचें विवेचन प्रवचनकारानें केलें आहे. अरुंद अशासाठीं कीं शिधा थोडाच न्यावा आणि बाकीचा भरंवसा देवावर ठेवावा. मेलेल्या जनावराच्या कातड्याची अशासाठीं कीं देहाच्या वासना माराव्या. आणि तोंड उघडें अशासाठीं कीं आपल्याजवळचें दुसऱ्याला देतां यावें. रूपक ओढूनताणून केलेलें आहे असें कोणी म्हणेल, आणि तें थोडेंसें खरेंहि आहे. काठीला तिसरा पाय म्हणून तिच्यांत त्रैमूर्ति पाहणें आमच्याहि गळीं उतरत नाहीं. परंतु त्यापुढील सूचना रूपकाच्या पलीकडल्या आहेत. ज्यांनीं आपलें वाईट केलें त्यांना निघण्यापूर्वीं क्षमा करावी. अन्यायानें घेतलेलें ज्याचें त्याला परत करावें. चालू असलेलीं भांडणें शक्य तितकीं मिटवावीं. धर्मगुरु, बायको आणि ज्यांच्याशीं आपण बांधलेले आहों त्या सर्वांची परवानगी घ्यावी. घराची नीट व्यवस्था लावावी. म्हणजे पायमोजे किती घ्यावे याच्या आधींचा प्रश्न असा, कीं आपल्याकडे कोणाचें काय देणें निघतें?

मध्ययुगांत यात्रेला निघतांना मृत्युपत्र करण्याची चाल होती ती याच विचारानें. निघालेला माणूस परत येईल अशी खात्री नव्हती, आणि परत यावयाचें तर आलेल्याच वाटेनें पुन्हां पायीं यावें लागे. ही दुसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे, आणि आजचें जवळ जवळ सगळें वाङ्मय ती विसरलेलें आहे. आजचें पुस्तक कॅथेड्रलच्या चौकांत संपतें. तेथून विमानतळ जवळच आहे.

मधल्या शतकांतील पुस्तकांवर आम्ही रेंगाळत नाहीं. १४९५ मध्यें हेर्मान क्यूनिग नांवाच्या जर्मन साधूनें छापलेली मार्गदर्शिका मात्र सांगण्याजोगी आहे, कारण ती पद्यांत आहे. धर्मशाळा कोठें बरी, भाकरी कोठें मिळते, नाणीं कोठें बदलून घ्यावीं, असल्या रुक्ष गोष्टी यमकांत बसविण्याचा खटाटोप त्यानें केला. काव्य म्हणून ती रचना सामान्य आहे, पण चालतांना पुस्तक उघडण्यापेक्षां ओळ आठवणें सोपें असतें हें ज्यानें ओळखलें त्याला वाटेची माहिती होती.

आतां आपल्या काळाकडे येऊं. ही वाट जवळ जवळ बुजून गेली असतां ती पुन्हां उघडी करणारा मनुष्य म्हणजे एलियास वालिन्या. गालीसियाच्या सीमेवर उंच डोंगरांत ओ सेब्रेरो नांवाचें लहान खेडें आहे, तेथला हा पाद्री. त्यानें या वाटेच्या इतिहासाचा आणि तीसंबंधीच्या कायद्याचा अभ्यास करून प्रबंध लिहिला. तो १९७१ मध्यें प्रसिद्ध झाला. पुढें १९८२ मध्यें त्यानें यात्रेकरूंसाठीं मार्गदर्शिका काढली. विद्वान बहुधा येथेंच थांबतो. वालिन्यानें १९८४ मध्यें आपल्या मोटारींत पिवळ्या रंगाचे डबे भरले आणि पिरेनीजपासून पश्चिमेकडे दगडांवर, झाडांवर, घरांच्या कोपऱ्यांवर बाण काढीत तो चालला. सीमेजवळ पोलिसांनीं त्याला हटकलें तेव्हां आपण फ्रान्समधून येणाऱ्या मोठ्या स्वारीची तयारी करीत आहों, असें त्यानें सांगितल्याची आख्यायिका आहे. १९८९ सालीं तो वारला. ती स्वारी त्याच्या डोळ्यांदेखत आली नाहीं, पण आली.

पूर्वतयारीच्या वाङ्मयांत आम्ही या पिवळ्या बाणाला फार वरचें स्थान देतों, आणि हें केवळ कौतुकानें म्हणत नाहीं. यात्रेकरूची तयारी करण्याऐवजीं वाटेची तयारी करावी, हा विचार त्यांत आहे. बाण वाचकाला उपदेश करीत नाहीं. तुला आज काय वाटलें पाहिजे, हें तो सांगत नाहीं. वळण आलें कीं दिसतो, आणि वळण संपलें कीं मागें राहतो.

या कसोटीवर आजचें सर्वांत खपाचें इंग्रजी पुस्तक घांसून पाहावें. जॉन ब्रायर्ली यांची मार्गदर्शिका प्रथम २००३ मध्यें निघाली. २०२३ सालीं ते वारले, तोंवर आवृत्त्यांवर आवृत्त्या निघत राहिल्या, आणि इंग्रजी जाणणाऱ्या यात्रेकरूच्या हातीं ती हमखास असे. नकाशे सुबक आहेत, पाण्याच्या आणि मुक्कामाच्या जागा बारकाईनें दिल्या आहेत, चढउताराचा विचार करून अंतरें दाखविलीं आहेत. सबंध वाटेचे त्यांनीं ३३ टप्पे केले. येथवर तक्रारीला जागा नाहीं. परंतु प्रत्येक टप्प्यांत व्यावहारिक वाटेबरोबर एक आध्यात्मिक वाटहि त्यांनीं आंखून दिली आहे, लेखकाचें त्या दिवशींचें चिंतनहि छापलें आहे, आणि पुस्तकाच्या आरंभीं वाचकानें स्वतःच्या अंतरंगाची तपासणी करावी म्हणून एक प्रश्नावलीहि घातली आहे. बाराव्या शतकांतील संहितेंत प्रवचन पहिल्या भागांत होतें आणि नद्यांचें पाणी पांचव्यांत. ज्याला जें हवें तें तो उघडीत असे. ब्रायर्ली यांनीं दोन्ही एकाच पानावर आणलीं. त्याचा परिणाम असा होतो कीं दुपारीं दोन वाजतां, पाण्याची बाटली रिकामी झालेली असतांना, पुढचा नळ शोधणाऱ्या माणसाला आधीं लेखकाच्या अंतःकरणांतून जावें लागतें. चिंतन वाईट आहे असें नव्हे. पण तें दुसऱ्याचें आहे, आणि तें आधींच झालेलें आहे.

टप्प्यांचीहि तीच गत झाली. ३३ टप्पे ही लेखकाची सूचना होती. हजारों वाचकांनीं ती आज्ञा मानली. त्यामुळें टप्प्याच्या शेवटच्या गांवांत खाटांसाठीं गर्दी आणि त्याच्या अलीकडच्यापलीकडच्या खेड्यांतील धर्मशाळांत शांतता, असा प्रकार चालणाऱ्यांच्या नित्य अनुभवाचा झाला. नवख्या यात्रेकरूला आम्ही एवढेंच सुचवूं कीं हें पुस्तक अवश्य घ्यावें, त्यांतले नकाशे आणि पाण्याच्या जागा यांवर पूर्ण विश्वास ठेवावा, आणि मुक्काम मात्र टप्प्याच्या मधल्या गांवीं करावा.

यात्रा करून आलेल्यांच्या आत्मकथनांना लोक तयारीसाठीं वाचतात, म्हणून त्यांचाहि येथें विचार केला पाहिजे. पाउलो कोएलो यांनीं १९८६ मध्यें ही वाट चालून १९८७ मध्यें पोर्तुगीज भाषेंत पुस्तक लिहिलें, आणि त्यानें जगभर असंख्य माणसांना या वाटेचें वेड लावलें. वेड लावणें हाहि वाङ्मयाचा एक गुण आहे, हें आम्ही नाकबूल करीत नाहीं. पण या पुस्तकांतील नायक एका गुप्त पंथाची तलवार शोधीत आहे, त्याचा गुरु त्याला साधना शिकवीत आहे, आणि त्या साधनांचे पाठ वाचकासाठीं वेगळे छापलेले आहेत. वाटेवरील गांवें, माणसें, ऊन, पाऊस हीं सगळीं त्या साधनेचीं उपकरणें होऊन राहतात. हें पुस्तक वाचून निघालेल्या माणसाला आपल्या पायाला फोड आला म्हणजे तो कोणत्या सिद्धीचा पूर्वरंग असावा, असा प्रश्न पडण्याचा संभव आहे.

त्याच्या अगदीं उलट टोकाला हापे केर्केलिंग हा जर्मन विनोदी नट. आजारपणानें आणि कामानें थकलेला हा माणूस २००१ मध्यें निघाला आणि २००६ मध्यें त्याचें पुस्तक आलें. जर्मनींत त्याच्या लाखों प्रती खपल्या. व्यायामाची संवय नाहीं, सिगारेट सुटत नाहीं, धर्मशाळेंतल्या खाटेपेक्षां हॉटेल बरें वाटतें, कंटाळा आला कीं आगगाडीचा मोह होतो, हें सगळें त्यानें मोकळेपणीं लिहिलें आहे. प्रत्येक दिवसाच्या शेवटीं त्या दिवसाचा बोध म्हणून एकेक वाक्य तो देतो. तीं वाक्यें शाळेच्या फळ्यावरील सुविचारांसारखीं लागतात आणि तीं नसतीं तर पुस्तक अधिक चांगलें झालें असतें. पण पहिल्यानेंच निघणाऱ्या माणसाला या दोहोंपैकीं एकच पुस्तक द्यावयाचें असेल तर आम्ही हें देऊं. आपली तयारी अपुरी आहे हें ठाऊक असूनहि कसें चालावें, याचा पाठ त्यांत आहे. आणि तयारी कोणाचीहि पुरी झालेली नसते.

सामानाच्या याद्यांविषयीं दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण हा भाग सर्वांत अधिक वाचला जातो. पाठीवरचें ओझें आपल्या वजनाच्या एकदशांशापेक्षां अधिक नसावें, असा नियम बहुतेक ठिकाणीं दिलेला असतो. साठ किलो वजनाच्या माणसानें सहा किलो न्यावें. प्रवचनकाराच्या अरुंद पडशीचाच हा गणिती अवतार आहे. फरक इतकाच कीं त्यानें कारण म्हणून देवावरचा भरंवसा सांगितला आणि आजचा लेखक गुडघे सांगतो. दोघांचेंहि बरोबर आहे. मात्र नियम एकदशांशाचा आणि त्यापुढची यादी तीस जिनसांची, ही विसंगति फार पुस्तकांत आढळते. शिवाय आतां सामान पुढच्या मुक्कामीं मोटारीनें पोहोंचविणाऱ्या सोयी झाल्या आहेत. म्हाताऱ्याकोताऱ्यांना त्या वरदानच आहेत, पण त्यामुळें वजनाचा प्रश्न पाठीवरून खिशाकडे गेला. याद्यांतील एक सूचना मात्र आम्हांस निरपवाद खरी वाटते: जे जोडे आणि जें ओझें वाटेवर न्यावयाचें तेच जोडे आणि तेंच ओझें घेऊन आधीं पुष्कळ चालावें. आमच्याकडील मंडळी रविवारीं सिंहगड चढून, वर पिठलें-भाकरी खाऊन, तयारी झाली म्हणून समाधान मानतात. सिंहगड चढणें कठीण नव्हे. सोमवारीं सकाळीं त्याच दुखऱ्या पायांनीं पुन्हां वीस किलोमीटर जाणें हें कठीण, आणि या वाटेवर रोज सोमवार असतो.

हीं सर्व पुस्तकें ज्या वाचकाला उद्देशून लिहिलीं आहेत तो युरोपीय किंवा अमेरिकन आहे, आणि हा त्यांचा दोष नव्हे. पण मराठी वाचकानें तो ध्यानांत घेतला पाहिजे. पुस्तक म्हणतें, आधीं जागा राखून ठेवूं नका, पाय नेतील तेथें मुक्काम करा. नगरपालिकांच्या आणि चर्चच्या कित्येक धर्मशाळांत तर जागा राखतांच येत नाहीं. जो आधीं येईल त्याला खाट मिळते, आणि तीहि बहुधा एका रात्रीपुरती. भारतीय पारपत्र बाळगणाऱ्याला मात्र शेंगेन व्हिसा काढावा लागतो. त्यासाठीं प्रवासाचा आंखीव कार्यक्रम, राहण्याच्या जागांचा पुरावा, परतीचा बेत आणि निदान ३०,००० युरोंचा विमा दाखवावा लागतो; एकंदर मुक्काम १८० दिवसांत ९० दिवसांच्या वर जातां कामा नये. म्हणजे ज्या यात्रेचें सगळें मर्म अनिश्चिततेंत आहे असें पुस्तकें सांगतात, तिच्या दाराशीं आपल्याला निश्चिततेचें शपथपत्र द्यावें लागतें. ब्रायर्ली यांचे ३३ टप्पे येथें मात्र उपयोगी पडतात. पांच आठवड्यांचा कार्यक्रम कागदावर मांडावयाचा तर आयतें कोष्टक हातीं येतें. पण कागदावर मांडलेला कार्यक्रम आपणच खरा मानूं लागलों कीं तें कोष्टक पायांत अडकतें. कार्यक्रम प्रामाणिकपणें आंखावा, परतण्याच्या तारखेच्या आधीं चार मोकळे दिवस ठेवावे, आणि जेथें जागा राखतां येते अशा खाजगी मुक्कामांचा आधार घ्यावा. असल्या गोष्टी सांगणारी मार्गदर्शिका मराठींत कोणीतरी लिहावयास हवी आहे.

मराठींत असें पुस्तक नाहीं याचें कारण आपण चालत नव्हतों हें नव्हे. आळंदीहून पंढरपूरला जाणारा वारकरी अडीचशें किलोमीटर चालतो. पण त्याची तयारी दिंडीच्या अंगांत मुरलेली असते. राहुट्या, भांडीं, शिधा यांचा भार दिंडीचा; नव्यानें आलेल्याला शेजारचा जुना वारकरी शिकवितो. इरावती कर्वे यांनीं 'वाटचाल' या लेखांत दिंडीबरोबरच्या चालण्याचें जें चित्र काढलें, त्यांत माणसें बरोबर चालूनहि जातवार वेगळ्या पंक्तींना जेवतात ही बोंच आहे. एकत्र तयारीची हीहि एक किंमत होती. स्पेनच्या वाटेवर माणूस एकटा निघतो आणि संध्याकाळीं अनोळखी लोकांच्या एकाच टेबलाशीं जेवतो. म्हणून त्याला पुस्तक लागतें, आणि आपल्याला लागलें नाहीं.

एकट्यानें घर सोडण्याच्या तयारीचें एक मराठी उदाहरण मात्र आहे, आणि तें यात्रेच्या प्रवचनाला फार जवळचें आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्यें उत्तरेकडे निघाले. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ सालीं चिंतामण विनायक वैद्य यांनीं प्रसिद्ध केला. झांशीच्या वेढ्यासाठीं तें पुस्तक सगळे वाचतात. आम्हांस त्याचा आरंभ अधिक मोलाचा वाटतो. घरावर कर्ज झालेलें आहे, मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असून दक्षिणा मिळेल अशी वार्ता आली आहे, वडिलांचें मन जाऊं देण्यास तयार नाहीं. निघण्यापूर्वींचीं तीं पानें देण्याघेण्याचीं आणि परवानगीचीं आहेत. सामानाची यादी नाहीं. आणि शेवटीं, बंडाच्या धुमाळींतून जीव वांचवून, हा माणूस आईबापांना स्नान घालण्यासाठीं गंगेची कावड घेऊन पायीं परत येतो. त्याच्या प्रवासाचा शेवट काशीला होत नाहीं, वरसईला होतो.

कोडेक्सच्या मार्गदर्शिकेचें शेवटचें प्रकरणहि यात्रेकरूसाठीं लिहिलेलें नाहीं. सांतियागोच्या कॅथेड्रलचें सविस्तर वर्णन करून झाल्यावर लेखक एकदम वाटेवरील घरांकडे वळतो आणि यात्रेकरूला कसें वागवावें, तें गृहस्थांना सांगतो. त्यांतली एक गोष्ट प्वातिए शहरची, म्हणजे त्याच्या त्या लाडक्या प्रांताचीच आहे. दोन फ्रेंच यात्रेकरू सांतियागोहून परत येत होते; जवळ कांहीं उरलें नव्हतें. एका लांब रस्त्यावर घरोघर त्यांनीं रात्रीपुरता आसरा मागितला. कोणीहि दार उघडलें नाहीं. अखेर रस्त्याच्या टोंकाला एका गरीब माणसानें त्यांना आंत घेतलें. त्या रात्रीं आग लागली, ज्या घरीं त्यांनीं पहिल्यानें विचारलें होतें तेथून ती सुरू झाली, आणि एकेक घर जाळीत त्या गरिबाच्या भिंतीशीं येऊन थांबली.